चुर्ल्योनिस: स्वतःचा समुद्र न ऐकताच गेलेला संगीतकार

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

मी वॉर्सॉत राहते. गेल्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या द्रुस्किनिंकाय या गावी जाऊन आले. नेमुनास नदीकाठचं, पाइनच्या जंगलात वसलेलं छोटं गाव. खनिज पाण्याच्या झऱ्यांमुळे लोक तिथे पूर्वीपासून हवापालटाला येतात. गावात दोन बसकी लाकडी घरं जपून ठेवली आहेत. लिथुआनियाचा संगीतकार आणि चित्रकार मिकालोयुस कोन्स्तान्तिनास चुर्ल्योनिस याचं कुटुंब तिथे राहायचं. उन्हाळ्यात तिथे मैफली होतात, त्यांची रीत मला फार आवडली. वादक घरात पियानोवर बसतो, खिडकी उघडी ठेवतात आणि ऐकणारे बाहेर बागेत बाकांवर बसतात. वाजवणारा दिसत नाही. झाडांची सळसळ चालू असते आणि त्यातून सूर येतात. त्या दिवशी त्याचे प्रेल्यूड, म्हणजे पियानोच्या छोट्या रचना, ऐकले, दोन-दोन मिनिटांचे, आणि घरी परतेपर्यंत डोक्यात तेच होतं.

हा माणूस १८७५ च्या सप्टेंबरात वारेना गावी जन्मला, तिथून घरचे द्रुस्किनिंकायला आले. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. नऊ भावंडांतला हा थोरला. चर्चच्या ऑर्गनवादकाचं घर म्हणजे पगार बेताचा, पण सकाळ-संध्याकाळ कानावर संगीत. पोरगा ऐकून ऐकूनच वाजवायला लागला आणि सात वर्षांचा होईतो समोर ठेवलेलं नोटेशन वाचून वाजवू लागला.

पुढे शिकवायचं कुणी? घरच्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी शब्द टाकला आणि १८८९ मध्ये तो प्लुंगे इथल्या प्रिन्स ओगिन्स्कीच्या वाद्यवृंदशाळेत दाखल झाला. ओगिन्स्की हा संगीतवेडा जमीनदार, त्याच्या वाड्यावर स्वतःचा वाद्यवृंद होता. आमचा नायक तिथे बासरी वाजवायचा, म्हणजे पाश्चात्त्य, आडवी धरायची धातूच्या चाव्यांची. चार वर्षं वाद्यवृंदाच्या आत बसून त्यानं ऐकलं. पुढे त्याच्या रचनांत वाद्यांचे रंग इतके नेमके कसे पडतात, याचं मूळ मला या चार वर्षांत दिसतं.

मग ओगिन्स्कीच्याच मदतीनं वॉर्सॉची संगीतशाळा, १८९४ ते १८९९. पियानो आणि रचना. रचनेचे गुरू झिग्मुंट नोस्कोव्स्की. शिक्षण संपताना त्यानं ‘डे प्रोफुंडिस’ ही गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची रचना केली. लगेच लुब्लिनच्या संगीतशाळेचं संचालकपद चालून आलं. घरी आठ धाकटी भावंडं, आणि यानं नोकरी नाकारली! शिकवण्या करीन पण संगीत लिहायला वेळ हवा, असा हट्ट. या निर्णयाची किंमत तो पुढे आयुष्यभर मोजत राहिला. मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो, कारण पुढच्याच वर्षी त्यानं ‘मिश्के’ लिहायला घेतलं.

‘मिश्के’ म्हणजे ‘जंगलात’. लिथुआनियन माणसानं लिहिलेलं हे पहिलं सिंफनी-काव्य, म्हणजे एखादा विषय सुरांत उभा करणारी वाद्यवृंदाची रचना. ते १९०१ मध्ये पूर्ण झालं. पंधरा-सोळा मिनिटांचं आहे. सुरुवातीला रुंद, मऊ स्वरगुच्छ येतात. आपल्याकडच्या पाइनच्या झाडांचा सुस्कारा त्यात आहे, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. द्रुस्किनिंकायच्या रानात उभं राहिल्यावर कळतं की तो उपमा देत नव्हता, ऐकलेलं सांगत होता. पाइनमधून वारा गेला की पानं वाजत नाहीत, वरच्या वर एक लांब श्वास सोडल्यासारखा आवाज येतो.

त्यानंतर १९०१-०२ मध्ये लाइपझिग. तिथे रचनेला कार्ल रायनेके, सत्तरी ओलांडलेले, आणि काउंटरपॉइंटला (दोन-तीन चाली एकाच वेळी एकमेकींत गुंफण्याच्या शास्त्राला) सालोमोन याडासोन. जर्मन येत नव्हतं, मित्र नव्हते. तिथे लिहिलेल्या स्ट्रिंग क्वार्टेटचे (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचे) तीनच भाग आज हाती आहेत, चौथा हरवला. त्याच सुमारास ओगिन्स्की वारला आणि पैशाची वाट बंद झाली.

वॉर्सॉला परत आला आणि चित्रकला शिकू लागला. १९०४ मध्ये तिथे नवी कलाशाळा निघाली, तिथे दाखल झाला. वय तिशीच्या घरात. दिवसा चित्रकलेचे वर्ग, उरलेल्या वेळात पियानोच्या शिकवण्या आणि रात्री ‘यूरा’, म्हणजे ‘समुद्र’. हे दुसरं सिंफनी-काव्य १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं चाललं होतं. प्रचंड वाद्यवृंद, त्यात ऑर्गनसुद्धा, साधारण अर्ध्या तासाची रचना.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. ‘जंगलात’ पहिल्यांदा सादर झालं १९१२ मध्ये, पीटर्सबर्गला. ‘समुद्र’ १९३६ मध्ये, लिथुआनियातल्या कौनासला. चुर्ल्योनिस गेला १० एप्रिल १९११ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. आपली दोन्ही मोठी कामं त्यानं प्रत्यक्ष कधी ऐकलीच नाहीत. कागदावर लिहिली, मनात ऐकली, संपलं. त्याच्याबद्दल बोलताना लोक आधी चित्रं, मग गूढता, मग आजार असं बोलतात. मला वाटतं सुरुवात इथून व्हावी.

---

मंद्रसप्तक

सुंदर लिहिलंय. नाव पहिल्यांदाच ऐकलं. मी पेटी शिकवतो, पाश्चात्त्य संगीताचा कान फारसा नाही. कुठून सुरुवात करू? अर्ध्या तासाच्या वाद्यवृंदात मी हरवून जाईन अशी भीती वाटते.

---

चित्रकट्टा

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर वाद घालणार आहे. चित्रांना दुसरा नंबर का? मी त्याला चित्रकार म्हणूनच ओळखते आणि माझ्या मते त्याचं अस्सल काम तेच. जेमतेम सहा-सात वर्षांत त्यानं शेकडो चित्रं केली, तीही टेम्पेरात (पाण्यात कालवायच्या रंगात) आणि पेस्टलमध्ये (रंगीत खडूंनी), बरीचशी साध्या कागदावर आणि पुठ्ठ्यावर. त्यामुळे ती इतकी नाजूक आहेत की प्रवासाला पाठवायची म्हणजे जिवावर येतं. जगभर त्याचं फारसं नाव झालं नाही, त्याचं हेही एक कारण असणार. बहुतेक सगळी कौनासच्या संग्रहालयात आहेत.

‘समुद्राचा सोनाटा’ पाहा, १९०८ चा. सोनाटा म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, त्या भागांसारखीच ही तीन चित्रं: आलेग्रो (जलद), आंदांते (संथ), फिनाले (शेवट). फिनालेत एक अजस्र लाट डोक्यावर पंजा उगारावा तशी वाकली आहे, खाली चिमुकल्या होड्या. लाटेच्या फेसात नीट पाहिलं तर त्याच्या नावाची आद्याक्षरं दिसतात. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला आहे. सही कोपऱ्यात न करता माणूस लाटेत विरघळून गेला. जे संगीत त्याच्या हयातीत वाजलंच नाही ते त्यानं रंगात वाजवून घेतलं, असं मी म्हणेन.

---

रानवाट

@चित्रकट्टा, शेवटचं वाक्य फार आवडलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही.

त्याची सोनाटा-चित्रं संगीतकाराशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. चित्राला नुसतं संगीतातलं नाव देणं सोपं आहे, त्या काळी बरेच जण देत होते. यानं रचनेचा हिशोबच उचलून चित्रात ठेवला. १९०८ चंच ‘फ्यूग’ हे चित्र घ्या. फ्यूगमध्ये एक स्वरवाक्य एका आवाजात येतं, तेच दुसरा आवाज दुसऱ्या उंचीवर उचलतो, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांवर चढत जातात. चित्रात छोट्या-मोठ्या सूचिपर्णी झाडांचा एक आकार आहे. तोच वेगवेगळ्या पट्ट्यांत, वेगवेगळ्या आकारात परत परत येतो, कुठे पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होऊन. स्वरवाक्य उलटवणं हा काउंटरपॉइंटचा जुना नियम. हे लाइपझिगला याडासोनकडे केलेल्या गृहपाठातून आलंय, स्वप्नातून नाही. मी ते चित्र कौनासला अर्धा तास पाहत उभी होते आणि डावीकडून उजवीकडे अक्षरशः वाचत होते.

@मंद्रसप्तक, तुमच्यासाठी तर एक खास गोष्ट आहे. १९०४-०५ च्या सुमारास त्यानं पियानोसाठी काही व्हेरिएशन्स, म्हणजे एकच कल्पना बदलत बदलत मांडणाऱ्या रचना, लिहिली. एकाचं नाव ‘बेसाकास’. हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. बोलेस्लाव चार्कोव्स्की नावाचा त्याचा मित्र होता, त्याच्या नावातली फक्त ती अक्षरं उचलली जी जर्मन पद्धतीत स्वरांची नावं आहेत. पाच स्वर मिळाले. पेटीवर असे:

काळी ५, काळी २, पांढरी ६, पांढरी १, काळी ४.

पांढरी एकला सा धरला तर कोमल नी, कोमल ग, शुद्ध ध, सा, कोमल ध. या क्रमाला धरून तो पुढे चालतो. लय बदलतो, सप्तक बदलतो, कधी मंद्रात नेतो, कधी वर, कधी दोन स्वर एकदम दाबतो, पण स्वरांची रांग मोडू देत नाही. ‘सेफा एसेक’ नावाची दुसरी रचनाही अशीच एका नावातून आली आहे. ठरलेल्या स्वररांगेवर अख्खी रचना उभी करायची पद्धत व्हिएन्नात शोनबर्ग या संगीतकारानं १९२० च्या दशकात पक्की केली, आणि हा त्याच्या आधी दीड-दोन दशकं एकटाच त्या वाटेवर चार पावलं चालून आला होता. ते शोनबर्गचं बाराही स्वर रांगेत बांधणारं शास्त्र नव्हे, पण विचार त्याच जातीचा. अर्धा तास नको, आधी हे पाच स्वर दाबून पाहा.

---

सीमेवरून

मी बेळगावचा. घरी आजी कानडी बोलायची, आई मराठी, शाळा मराठी, बाजार दोन्ही. म्हणून एक विचारतो. तो नेमका लिथुआनियन की पोलिश? कुठेतरी वाचलं की त्याला लिथुआनियन बोलताच येत नव्हतं.

---

रानवाट

@सीमेवरून, या प्रश्नावर तिकडे अजूनही लोक हिरिरीनं बोलतात. घरची भाषा पोलिश होती. पत्रं पोलिशमध्ये, शिक्षण वॉर्सॉत. त्या वेळी हा सगळा प्रदेश रशियन साम्राज्यात होता आणि लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला १८६० च्या दशकापासून थेट १९०४ पर्यंत बंदी होती. चाळीस वर्षं! पुस्तकं सीमेपलीकडे प्रशियात छापून चोरून आणायचे. पुस्तकं पोहोचवणारे पकडले गेले तर सैबेरियाला रवानगी. अशा काळात वाढलेल्या मुलाला भाषा यायला हवी होती असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण १९०५ नंतर त्यानं ठरवलं. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगून टाकलं की आधीचं आणि पुढचं सगळं काम लिथुआनियाला वाहणार. १९०७ च्या सुरुवातीला विल्नियसला लिथुआनियन कलेचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते उभं करण्यात तो होता. वर्षअखेर तिथेच राहायला गेला. ‘विल्नियस कांक्लेस’ या गायकवृंदाला शिकवू लागला. भाषा शिकवली सोफिया किमांताइते हिनं. ती लेखिका. शिकवता शिकवता जीव जडला आणि १९०९ च्या १ जानेवारीला लग्न झालं.

लोकगीतांचं त्याचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. गावातल्या बायकांची गाणी त्यानं गायकवृंदासाठी बांधली, शाळेतल्या मुलांसाठी ‘व्हिएव्हर्सेलिस’, म्हणजे ‘चंडोल’, हा संग्रह १९०९ मध्ये काढला. त्यातली मांडणी अगदी मोजकी आहे. मूळ चाल दबेल असं काही तो करत नाही. खाली दोन-चार स्वरांचा एक तुकडा फिरत राहतो आणि वर गाणं आपल्या चालीनं चालतं. ज्याला भाषा मोठेपणी शिकावी लागली त्यानं ती चाल किती जपून हातात धरली आहे हे ऐकू येतं.

---

जुनाट वाचक

छान चर्चा. माझी थोडी भर. १९९० साली सोव्हिएत संघातून पहिलं कोण बाहेर पडलं तर लिथुआनिया, ११ मार्चला. तेव्हा पेपरात लांड्सबेर्गिस हे नाव रोज असायचं, चष्मा आणि छोटी दाढी. देशाचा त्या वेळचा हा नेता पेशानं संगीताचा प्राध्यापक, आणि आयुष्यभराचा अभ्यासविषय कोण तर चुर्ल्योनिस. पियानोवर त्याच्या रचनाही वाजवायचे. रणगाडे दारात उभे असताना हा माणूस कसा शांत राहतो असं तेव्हा आम्ही एकमेकांना विचारायचो. आज धागा वाचून उत्तराचा एक तुकडा मिळाल्यासारखं वाटलं.

आणखी एक. आपल्याकडे रामकृष्ण, विवेकानंद आणि गांधींच्या चरित्रांमुळे माहीत असलेले फ्रेंच लेखक रोमां रोलां चुर्ल्योनिसच्या चित्रांनी भारावून गेले होते. त्याच्या पत्नीला त्यांनी तसं पत्र लिहिलं होतं. हा एक नवा खंडच आहे, अशा अर्थाचं.

---

सायली फुलं

धागा वाचते आहे, पण एक विनंती. त्याच्या आजाराबद्दल कुणी सविस्तर लिहिणार असेल तर कृपया ‘प्रतिभा आणि वेड’ या चालीवर लिहू नका. मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. नैराश्यानं खचलेल्या कलाकारांच्या गोष्टी इतक्या सजवून सांगितल्या जातात की आमच्याकडे येणारी तरुण मुलं औषध घ्यायला घाबरतात, ‘माझं लिहिणं जाईल’ म्हणतात.

---

रानवाट

@सायली फुलं, बरं झालं बोललात. म्हणूनच मुख्य लेखात टाळलं होतं, पण साध्या शब्दांत सांगते.

लग्नाच्या आगेमागे तो पीटर्सबर्गला नशीब काढायला गेला. तिथल्या चित्रकारांनी, विशेषतः दोबुझिन्स्कीनं, त्याला आपलं म्हटलं, १९०९ मध्ये चित्रं प्रदर्शनात लागली. पण विक्री जवळजवळ नाही, भाड्याची खोली, शिकवण्या, अपुरं खाणं, आणि रात्ररात्र काम. सोफियाबरोबर ‘युराते’ नावाच्या ऑपेराचं स्वप्न चाललं होतं. बाल्टिक समुद्राच्या तळाशी अंबरच्या (पिवळ्या, कडक झालेल्या राळेच्या) महालात राहणाऱ्या राणीची ती लोककथा. १९०९ च्या अखेरीस तो पार कोसळला. सोफिया पीटर्सबर्गला गेली आणि त्याला द्रुस्किनिंकायला घेऊन आली. १९१० मध्ये वॉर्सॉजवळच्या पुस्तेल्निकच्या आरोग्यधामात ठेवलं. मे महिन्यात मुलगी झाली, दानुते. तिला त्यानं कधी पाहिलं नाही. पुढच्या वसंतात थंडीत फिरायला गेला, न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेला. विल्नियसच्या रासोस स्मशानभूमीत, उतारावर झाडांखाली, त्याची समाधी आहे.

आजारानं त्याला काही दिलं नाही. आजार सुरू झाला आणि संगीत थांबलं, चित्रं थांबली. पुस्तेल्निक आता माझ्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. एका रविवारी गेले होते. त्या रस्त्यावर चालताना मला फक्त एवढंच वाटत होतं की या माणसाला वेळेवर विश्रांती, दोन वेळचं नीट जेवण आणि चांगले डॉक्टर मिळायला हवे होते.

सुमारे चारशे रचना मागे राहिल्या, त्यांतल्या पुष्कळ अगदी छोट्या, काही अर्धवट. त्या सांभाळल्या, निवडल्या, छापून आणल्या त्या सगळ्यांत धाकट्या बहिणीनं, याद्विगानं. ती पुढे लोकसंगीताची मोठी अभ्यासक झाली. थोरला भाऊ गेला तेव्हा ती शाळकरी पोर होती. आणि आज त्याचा पियानो वाजवणाऱ्यांत त्याचा पणतू रोकास झुबोवास आहे. ज्या मुलीला त्यानं पाहिलं नाही, तिचा हा नातू.

---

चित्रकट्टा

शेवटची ओळ वाचून थांबले. आता ‘समुद्र’ लावते आहे, फिनालेचं चित्र समोर ठेवून. वाद नंतर.

---

मंद्रसप्तक

दोन दिवसांनी लिहितो आहे. काल संध्याकाळच्या वर्गात पेटीवर ते पाच स्वर वाजवले. पांढरी एकचा सा सतत धरून ठेवला आणि एकेक स्वर सावकाश. कोमल नी, कोमल ग, मग शुद्ध ध. इथवर काफीच्या अंगणात आलो असं वाटतं. सा येतो, घरी पोचलो वाटतं. आणि मग तो कोमल धैवत. एकदम आसावरीकडे हात धरून ओढतो. चाल पुरी झाल्यासारखी वाटतच नाही, पहिल्या कोमल नीकडे परत जावंसं वाटतं, आणि गेलं की चक्र सुरू. रांग मोडत नाही म्हणजे काय ते बोटांना कळलं.

वर्गात सात मुलं आहेत, नऊ ते तेरा वयाची. मी नाव-गाव काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला एक मुलगी खालच्या सप्तकात तेच स्वर माझ्या दुप्पट संथ म्हणू लागली. मी वर वाजवत राहिलो, ती खाली म्हणत राहिली. मग बाकीच्यांनी आपापल्या जागा शोधल्या. वर्ग सुटायची वेळ होऊन गेली, बाहेर पालक उभे होते, तरी कुणी उठेना.

आज ‘जंगलात’ ऐकणार आहे. पंधरा मिनिटं म्हणालात ना?

---

रानवाट

पंधरा-सोळा. दिवे मालवून ऐका. आणि त्या मुलीला सांगा, तिनं जे केलं त्याला फ्यूग लिहिणाऱ्यांच्या भाषेत नाव आहे: स्वरवाक्य दुप्पट लांबवणं. लाइपझिगला पुस्तकातून शिकवायचे ते.